कॉर्वेट की मस्टँग?

प्रश्न : १९६३ची कॉर्वेट स्टिंग रे आणि १९६५ची मस्टँग, दोन्ही डोक्यातून जात नाहीयेत. पहिली जुनी गाडी म्हणून कुठली घेऊ?

उत्तर : मनाचं ऐकायचं तर कॉर्वेटच, मागची काच मधोमध दुभागलेली ती कूपे (दोन दारांची, पक्क्या टपाची गाडी) फक्त १९६३लाच आली, मागचं नीट दिसत नाही म्हणून पुढच्या वर्षी अख्खी काच बसवली आणि आता लोक त्याच मधल्या पट्टीसाठी वेडे होतात, गंमतच आहे! पण पहिलीच असेल तर मस्टँग घ्या, लाखोंनी बनली त्यामुळे पार्ट आजही नवे मिळतात. फक्त रंगाच्या चकाकीवर जाऊ नका, आधी खाली वाकून फ्लोअर बघा, मस्टँगला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार घेते, तिथे गंज पोचला की खर्च हाताबाहेर. इंजिनाचं नंतर बघू, ते उतरवून दुरुस्त तरी करता येतं.