वस्तीचा आराखडा: घरजोडणी आधी ठरवा

इंदूरमधल्या झोपडवस्तीच्या सुधारणेचं काम घेताय, तर बैठक रात्री साडेआठनंतर गल्लीतच ठेवा. दिवसा माणसं मजुरीवर असतात. बायकांची वेगळी घ्या, नाहीतर पुढारीच बोलत राहतात. पावसात पाणी कुठे तुंबतं ते रहिवाशांनाच खडूने फरशीवर काढू द्या. भाडेकरूंची नोंद राहून जाते, ती घरोघरी जाऊन करा.

खरी मेख घरजोडणीत, म्हणजे घरातलं सांडपाणी गल्लीतल्या ड्रेनेज लाइनला जोडण्यात. १९९८ चा आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळालेल्या इथल्या स्लम नेटवर्किंग प्रकल्पातही (वस्त्या शहराच्या ड्रेनेज-रस्त्यांच्या जाळ्याला जोडण्याचं काम) गल्लीत ड्रेनेज लाइन आली, पण अनेक घरं तिला जोडलीच गेली नाहीत. म्हणून न्हाणीपासून चेंबरपर्यंतचा खर्च कोणाचा, हे खोदाईआधी लिहून घ्या. ११० मिमी पाइपला सहा मीटरमागे दहा सेंटिमीटर उतार हवा. ओटा आडवा आला की गवंडी उतार कमी करतो आणि मैला तिथेच अडतो. गल्लीचं काँक्रीट सगळ्यात शेवटी, नाहीतर जोडणीसाठी तेच फोडाल.