नसेला सूज की नसेचा दाह?

दारव्हा तालुक्यातल्या एका आशाताईंनी विचारलं आहे: "उपकेंद्राच्या भिंतीवर हृदयविकाराचा फलक लावायचा आहे. इन्फ्लमेशनला मराठीत दाह लिहू की सूज? सूज म्हटलं की बाया म्हणतात, 'माह्या पायाले त सूज नाही, मंग नसेले कुठून आली?'"

ताई, त्या बायांची शंका अगदी रास्त आहे. इन्फ्लमेशनच्या मूळ लॅटिन शब्दात ज्वाला आहे, पेटवणं आहे. आपला 'दाह'ही 'दह्' म्हणजे जाळणं या धातूवरून आला. त्यामुळे शब्दाला शब्द म्हणून दाहच जवळचा, आणि यकृतदाह, संधिदाह हे शब्द छापील मराठीत रुळलेही आहेत. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने इन्फ्लमेशनची चार लक्षणं सांगितली: लाली, सूज, ऊब आणि वेदना. बोटात बाभळीचा काटा मोडला की ही चारही दिसतात. 'सूज'ने त्यातलं एक लक्षण उचललं, 'दाह'ने दुसरं.

अडचण अशी की हृदयाच्या नसेत यातलं एकही बाहेरून कळत नाही. त्यातून आपल्याकडे दाह म्हणजे जळजळ. फलकावर दाह वाचणाऱ्याला वाटेल की छातीत जळत नाही, म्हणजे नसेला काही झालेलं नाही. उलट खरोखरच झटका येतो तेव्हाही कित्येकांना आधी जळजळच वाटते आणि ते सोडा पिऊन पडून राहतात. म्हणून या फलकावर एकटा दाह मला धोक्याचा वाटतो.

मी 'धुमसणे' सुचवतो. चूल विझली असं वाटतं, पण राखेखाली इंगळ धुमसतच असतो. नसेत जवळपास हेच चालतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल नसेच्या आतल्या अस्तराखाली शिरून साचतं. ते उचलायला पांढऱ्या पेशी धावतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच अडकतात. त्यांचा थर बनतो. वर्षानुवर्षं हे धुमसत राहतं आणि थरावरचं कवच पातळ होतं. ते फुटलं की तिथे रक्ताची गुठळी धरते, नस बंद होते. थर लहान असला तरी हे घडू शकतं.

आता कोलेस्टेरॉल. (बोलताना कोलेस्ट्रॉल म्हणतात, तेही चालू द्या.) या नावात ग्रीक 'पित्त' आणि 'घट्ट' असे दोन शब्द आहेत, कारण हा पदार्थ आधी पित्ताशयातल्या खड्यांत सापडला. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1815 च्या सुमारास त्याला नाव दिलं. फलकावर त्याला 'चरबी' म्हणू नका, ही माझी आग्रहाची विनंती. आपल्याकडे चरबी चढते ती मस्तवालाला. दिवसभर निंदण करणाऱ्या काटकुळ्या बाईला 'तुमची चरबी वाढली' म्हटलं तर तिला ते लागेल, आणि खरंही वाटणार नाही. अंगावर मांस नसलेल्या माणसाचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं असू शकतं. बरंचसं तर आपलं यकृतच तयार करतं. जवसाच्या, करडईच्या, शेंगदाण्याच्या तेलात ते नसतंच, त्यामुळे डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' छापलं म्हणून कोणी जास्त पैसे मोजू नयेत.

'चांगलं' आणि 'वाईट' कोलेस्टेरॉल हेही शब्द फसवे आहेत. माल एकच, बंडी (बैलगाडी) वेगळी. एलडीएल नावाची बंडी तो माल शरीरभर नेते आणि बंड्या फार झाल्या की नसेत उलंडतात. एचडीएल ही बंडी उरलेला माल यकृताकडे परत आणते. रिपोर्टमधला एलडीएलचा आकडा म्हणजे पहिल्या बंडीतला माल, असं सांगितलं की समजतं.

फलकासाठी मी असं लिहीन: "नसेत कोलेस्टेरॉल साचून आतल्या आत धुमसत राहते. बाहेरून सूज दिसत नाही, म्हणून रक्त तपासा. तंबाखू आणि बिडी हे धुमसणे वाढवतात. छातीवर दाब, घाम, दम, डाव्या हाताला कळ असेल तर जळजळ समजून थांबू नका, 108 ला फोन लावा." 'दाह' कंसात ठेवा, डॉक्टरांच्या तोंडी तो येतोच.

लावण्याआधी चार बायांना मोठ्याने वाचून दाखवा. राखेखालच्या त्या आगीला तुमच्या गावात दुसरा शब्द असेल तर 'धुमसते' खोडून तोच लिहा, आणि मलाही कळवा.