ब्रूगलच्या लग्नातली माणसं

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

ब्रूगलच्या चित्रांवरचं तुझं टिपण वाचलं. भाषा छान आहे. पण सोळाव्या शतकातला हा चित्रकार, पीटर ब्रूगल, शेतकऱ्यांच्या खादाडपणावर कोरडे ओढतोय, असा निकाल तू पहिल्याच ओळीत देऊन मोकळा झालास. इतकी घाई कशाला? ‘शेतकरी लग्न’ पुन्हा उघड आणि त्यात खादाड कोण आहे ते बोट ठेवून दाखव. १५६७ च्या सुमाराचं हे चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. पंगत बसलीय कोठारात. मागे भिंत वाटते ती खरं तर रचलेल्या पिकाची गंजी आहे. वाढपी दोघे, आणि परात म्हणून चक्क बिजागरीवरून उतरवलेलं दार! त्यावर पेजेसारख्या पातळ अन्नाची वाडगी. जोडीला पाव आणि बिअर. ही का चैन?

नवरी हिरव्या कापडापुढे हात जुळवून बसलीय, डोक्यावर कागदी मुकुट टांगलेला. ती खात नाही. नवरा कोणता, यावर अभ्यासक अजून भांडतात. तू त्यात पडू नकोस. त्यापेक्षा बॅगपाइपवाल्याकडे बघ. वाजवायचं सोडून त्याची नजर वाडग्यांकडे लागलीय. खाली मोठ्या टोपीतलं पोर बोटाने वाडगं पुसून चाटतंय. मला या दोघांत थट्टेपेक्षा भूक जास्त दिसते.

तुझं म्हणणं अगदीच निराधार नाही. त्याच संग्रहालयातल्या ‘शेतकरी नाच’मध्ये झाडावर मेरीचं चित्र लावलंय, मागे चर्च आहे, आणि तिकडे कुणाचंही लक्ष नाही. तिथे टीकेचा वास येतो. म्हणून दोन्ही चित्रं एकाच मापाने मोजू नकोस.

चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या कारेल व्हान मान्डरने १६०४ मध्ये लिहिलेली गोष्टही तू जशीच्या तशी उचललीस: ब्रूगल शेतकऱ्याचे कपडे घालून, आहेर घेऊन, सोयरा म्हणून परक्या लग्नांत घुसायचा. गोष्ट झकास आहे, पण ब्रूगल वारला १५६९ मध्ये. ‘असं सांगतात’ एवढं तरी जोड. त्याची चित्रं घेणारे मात्र शहरातले होते, हे पक्कं. अँटवर्पच्या निकलास योंगलिंक या एकाच धनिकाकडे त्याची सोळा चित्रं होती. शेतकऱ्याचा नाच शेटजींच्या भिंतीवर! ते बघून हसत असतील, की हेवा करत असतील? तुझं टिपण इथून सुरू व्हायला हवं होतं. डेट्रॉइटला असलेल्या त्याच्या १५६६ च्या ‘लग्नाचा नाच’ या चित्रात पुरुषांच्या विजारींवर जांघेशी असलेले फुगीर कप्पे नंतर कुणा सोवळ्या माणसाने रंगवून झाकले होते. विसाव्या शतकात सफाई करताना ते पुन्हा उघडे पडले. बघणारा चित्रावर काय लादतो, त्याचा हा नमुना टिपणात घे.

आता पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातलं रूबेन्स या चित्रकाराचं ‘केर्मिस’ घे, गावजत्रेचंच चित्र आहे. आधी नुसतं दिसतं ते लिही, पानभर. निष्कर्ष सुचला नाही तरी तसंच पाठव.