मेकॅनिकलचे पहिले वर्ष: लॅपटॉपच्या आधी कानस

बारावीनंतर कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून मेकॅनिकलला प्रवेश निश्चित झाला आहे, कॉलेज सुरू व्हायला काही आठवडे आहेत, आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: लॅपटॉप कोणता घ्यावा, कोडिंग आधीच शिकून ठेवावे का, आणि कॉम्प्युटर मिळाले नाही म्हणून मेकॅनिकल घेतले ही चूक तर झाली नाही ना. तिन्हींची उत्तरे देतो, पण शेवटी. गेली बावीस वर्षे, आधी मशीन शॉपमध्ये आणि नंतर डिझाइन विभागात, मी नव्याने रुजू होणारी मुले पाहत आलो आहे. त्यांच्यात ज्या उणिवा वारंवार दिसतात, त्यांची मुळे बहुतेक वेळा पहिल्या वर्षाच्या अशा दोन विषयांत सापडतात, ज्यांना विद्यार्थी केवळ सबमिशनचे विषय समजतात: ड्रॉइंग आणि वर्कशॉप.

ड्रॉइंगपासून सुरुवात करतो. पहिल्या सत्रात मिनी ड्राफ्टर, शीट आणि पेन्सिली घेऊन तुम्ही बसाल, आणि दुसऱ्याच आठवड्यात कोणीतरी तुम्हाला काचेखाली दिवा लावून सीनियरची शीट जशीच्या तशी उतरवून काढण्याची युक्ती सांगेल. होस्टेलवर याला 'जीटी मारणे' म्हणतात. शीट सुंदर निघते, सही मिळते, आणि वस्तूचा टॉप व्ह्यू त्या ठिकाणी तसा का आला, हे मात्र कायमचे अंधारात राहते. त्याऐवजी आंघोळीच्या साबणाची वडी किंवा मोठा बटाटा घेऊन शीटवरची वस्तू सुरीने कोरून पाहा, ती डोळ्यांसमोर धरून समोरून, वरून आणि बाजूने पाहा, आणि मगच रेघ ओढा. चार-पाच वस्तू अशा कोरल्यानंतर कागदावरच्या तुटक रेघा आतल्या छिद्राच्या कडा म्हणून आपोआप दिसू लागतात. एकदा ही दृष्टी आली की ती जात नाही.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण माझी स्वतःची एक चूक आहे. आपल्याकडे कॉलेजात मुख्यतः फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात, ज्यात टॉप व्ह्यू हा फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो आणि डावीकडून पाहिलेले दृश्य उजवीकडे काढतात. अमेरिकी ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असते, तिथे टॉप व्ह्यू वर येतो आणि उजवीकडून पाहिलेले दृश्य उजवीकडेच राहते. कोणती पद्धत वापरली आहे, हे शीटच्या कोपऱ्यातील टायटल ब्लॉकमध्ये छाटलेल्या शंकूच्या छोट्या चिन्हाने दाखवलेले असते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी ते चिन्ह न पाहता एका परदेशी ग्राहकाचे ड्रॉइंग वाचले आणि तसेच शॉपमध्ये दिले. साठ ब्रॅकेट तयार झाले, प्रत्येक माप तंतोतंत, आणि खाच मात्र साठही ब्रॅकेटांच्या विरुद्ध बाजूला. आरशात पाहावे तसे सगळे उलटे. अख्खा लॉट भंगारात गेला. सुपरवायझर रागावले नाहीत. त्यांनी त्यातला एक ब्रॅकेट माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि तो तिथेच राहू द्या म्हणाले.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते, पण काही रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे त्यांना रंगकाम सोडावे लागले आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिक्षक होते. सायकल दुरुस्ती, लोखंडी नांगर आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी हे सगळे त्यानंतरचे.

आता वर्कशॉप. फिटिंगच्या सत्रात तुम्हाला माइल्ड स्टीलचा एक चौकोनी तुकडा देतील आणि कानशीने घासून त्याच्या कडा सरळ व एकमेकींशी काटकोनात आणायला सांगतील. पहिल्या तासात हात दुखतात, दुसऱ्या तासात कंटाळा येतो, आणि तिसऱ्या तासात बहुतेक मुले वर्कशॉपमधल्या मदतनीस मामांना गाठून जॉब, म्हणजे तो तुकडा, त्यांच्याकडून करून घेतात. तसे करू नका. कड घासून झाली की तुकडा शेगड्यातून (व्हाइसमधून) काढा, काटकोन तपासायचा गुण्या लावा आणि उजेडासमोर धरा. मधोमध अंधार आणि दोन्ही टोकांना उजेडाची फट दिसेल, कारण नवशिक्याचा हात पुढे जाताना कानस खाली झुकते आणि मागे येताना वर होते, त्यामुळे कड फुगीर होते. ती फुगीर कड सपाट करायला जो वेळ लागतो, त्यातून सपाट पृष्ठभाग ही किती महागडी गोष्ट आहे हे कळते. पुढे डिझाइन करताना कुठल्याही पृष्ठभागावर विनाकारण मापाची कडक मर्यादा (टॉलरन्स) लिहिण्यापूर्वी तो हात आठवतो.

त्याच वर्कशॉपात व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ही बारीक मापे घेण्याची साधने भेटतात. नेहमीच्या व्हर्निअरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येते, मायक्रोमीटरवर ०.०१ पर्यंत. परीक्षेपुरते हे लघुतम माप (लीस्ट काउंट) पाठ करून भागणार नाही. एकच शाफ्ट पाच ठिकाणी, पाच वेळा मोजा, आणि पाचही वाचने वेगळी का आली याचा विचार करा. ड्रॉइंगवर '२५ एच७' असे भोक आणि त्यात '२५ जी६' असा शाफ्ट लिहिलेला असतो, तेव्हा भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटर एवढ्यातच असावा लागतो. म्हणजे दोघांमधली फट कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जी माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही बहुधा कमीच. ज्याने स्वतःच्या हाताने अर्धा मिलिमीटर घासताना घाम गाळला आहे, त्याला हा आकडा वाचून थोडे थांबावेसे वाटते. ज्याने जॉब मामांकडून करून घेतला, तो सहज टाइप करून पुढे जातो.

सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी, पण त्यांत सूट नाही. लेथवर चक, म्हणजे जॉब पकडणारा फिरता भाग, घट्ट केल्यावर त्याची किल्ली (चक की) लगेच काढून घ्या, एक क्षणही तिथे ठेवून इकडेतिकडे पाहू नका, कारण मशीन चालू झाले तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. आणि फिरत्या मशीनजवळ हातमोजे, ओढणी, मनगटातले दोरे, सैल बाह्या नकोत; हातमोज्याने बोटे वाचतात हा समज ड्रिलिंग मशीनपाशी उलटा पडतो.

इंजिनिअरिंग मेकॅनिक्स आणि गणित हे केटी देणारे, म्हणजे नापास होऊन मागे राहणारे, विषय म्हणून प्रसिद्ध आहेत. मेकॅनिक्समध्ये मुले नापास होतात ती बहुतेक फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तू सुटी काढून तिच्यावरची सगळी बले दाखवणारी आकृती, न काढता थेट सूत्राकडे धावल्यामुळे. त्यावर माझा उपाय घरच्या सायकलचा आहे. समोरच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे २.४४ वेळा फिरते, आणि २८ इंची चाकावर सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. आता बलाचा हिशोब करा. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर तुम्ही ३०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३० किलोचा भार दिला, तर घर्षण सोडून रस्त्यावर चाकाला मिळणारे बल जेमतेम ५९ न्यूटन निघते. इतका मोठा भार देऊन इतकेच कसे, असा प्रश्न पडला की एका फेऱ्यात पायाने केलेले कार्य आणि चाकाने केलेले कार्य मांडून पाहा. दोन्हीकडे सुमारे ३२० जूल येतात. हे गणित कॉलेज सुरू होण्यापूर्वी स्वतः, आकृती काढून, चेन आणि चाक सुटे सुटे दाखवून सोडवा. गणितातले आयगेन व्हॅल्यू नावाचे प्रकरणही तेव्हा निरर्थक वाटेल, पण पुढे मुख्य प्रतिबले (प्रिन्सिपल स्ट्रेस) आणि कंपनांच्या नैसर्गिक वारंवारता काढताना तेच परत भेटते, म्हणून ते केवळ परीक्षेपुरते उरकू नका.

मराठी माध्यमातून आला असाल तर पहिले दोन महिने जड जातील. इंग्रजी येत नसल्याची भीती मात्र मोठी करून घेऊ नका, कारण या विषयाचा कामापुरता शब्दसंग्रह काही शेकड्यांचाच आहे. एका वहीत प्रत्येक शब्दासमोर आकृती काढत जा. स्ट्रेस आणि प्रेशर या दोन्हींना घरी बोलताना आपण 'दाब' म्हणतो आणि दोन्हींचे एकक पास्कल आहे, तरी पहिले म्हणजे पदार्थाच्या आतले प्रतिबल आणि दुसरे म्हणजे बाहेरून पृष्ठभागाला लंब येणारा दाब, हा फरक शब्दांपेक्षा आकृतीत लवकर दिसतो.

दुसऱ्या वर्षी डिप्लोमा करून थेट प्रवेश घेतलेली मुले वर्गात येतील. त्यांना ड्रॉइंग आणि मशीन्स तुमच्यापेक्षा चांगली येतात, आणि गणितात ती सुरुवातीला अडखळतात. बारावीवाल्यांनी त्यांच्याकडे तुच्छतेने पाहण्याची एक जुनी आणि मूर्ख प्रथा आहे. तुम्ही त्यांच्याशी देवाणघेवाण करा, फायदा तुमचाच जास्त होईल.

आता तुमचे प्रश्न. लॅपटॉप पहिल्या सत्रासाठी विकत घेण्याची घाई नको; कॉलेजची कॉम्प्युटर लॅब पुरते. घ्यायचाच झाल्यास दुसऱ्या वर्षाच्या सुमारास १६ जीबी रॅमचा घ्या, कारण कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, अनेक भाग जोडलेली मोठी असेंब्ली उघडली की कमी रॅमचे मशीन अडते. गेमिंगच्या नावाने दुप्पट पैसे घालवू नका. तोवर मोफत फ्रीकॅडवर हात बसवा, पण ड्रॉइंग हाताने काढता येऊ लागल्यानंतर. सॉफ्टवेअर तुम्हाला न समजलेली वस्तूही फार सुबक काढून देते.

कोडिंग जरूर शिका, पण स्वतंत्र विषय म्हणून आधी कोर्स लावून नव्हे. वरचे सायकलचे गणित आधी एक्सेलमध्ये बसवा, जेणेकरून दात्यांची संख्या बदलली की बल आपोआप बदलेल, आणि दुसऱ्या सत्रात तेच पायथनमध्ये लिहा. कारखान्यांत आजही बरेचसे हिशोब एक्सेलवर चालतात, हे कोणी जाहिरातीत सांगत नाही. बाजासारख्या स्पर्धेसाठी गाडी बांधणारा संघ तुमच्या कॉलेजात असेल, तर पहिल्या वर्षी पाने (स्पॅनर) पुसायला का होईना, त्यात शिरा. फक्त त्यापायी तासांना दांडी मारून सत्र गमावू नका. या स्पर्धेचा पिथमपूरचा ट्रॅक आणि चार केट्या एकत्र मिळवलेले सीनियर मी पाहिले आहेत.

मेकॅनिकल घेऊन चूक झाली का, याचे सरळ उत्तर असे की सुरुवातीचा पगार हाच एकमेव निकष असेल तर सॉफ्टवेअरमध्ये गेलेले मित्र बहुधा पुढे दिसतील, आणि मेकॅनिकलच्या ट्रेनी इंजिनिअरला पाळ्या, गरम शॉप आणि चाकणच्या रस्त्यावरची वाहतूक कोंडी सोसावी लागते. ते पटते का, हे ब्रोशरवरून कळणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत भोसरी, शिरोली, सातपूर, वाळूज, बुटीबोरी, जी एमआयडीसी जवळ असेल तिथे ओळख काढून एखाद्या लहान मशीन शॉपमध्ये अर्धा दिवस उभे राहा. पहिल्याच मशीनवर थांबून चाललेल्या जॉबचे ड्रॉइंग मागून घ्या आणि ऑपरेटरला विचारा की यातले सर्वांत त्रासदायक माप कोणते. तो बोट ठेवील ते माप तुम्ही ओळखलेल्या मापापेक्षा बहुतेक वेगळे निघेल. ते त्रासदायक का आहे, हे त्याच्याकडून समजून घेताना तुम्हाला कंटाळा आला की वेळ कसा गेला ते कळले नाही, एवढे मात्र मला इथे येऊन कळवा.