पडलेले झाड कुजते, मग कोळसा कसा होतो?

प्रश्न : दगडी कोळसा गाडल्या गेलेल्या जंगलांपासून झाला, असे वाचतो. परंतु आमच्या बांधावर पडलेले झाड वाळवी आणि बुरशी चार पावसाळ्यांत संपवतात. मग ती जंगले कुजली कशी नाहीत? (एक वाचक, वणी)

उत्तर : आपली शंका नेमकी आहे. बहुतेक झाडे कुजूनच जातात. कोळसा झाला तो त्यातून वाचलेल्या थोड्या भागाचा. बांधावरच्या ओंडक्याला हवा मिळते, दलदलीत पडलेल्याला ती मिळत नाही. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि कुजण्याची क्रिया अर्ध्यावरच अडते. या अर्धवट कुजलेल्या, तपकिरी, भिजक्या थराला पीट म्हणतात. तो वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढतो आणि मीटरभर कोळशाला कित्येक मीटर पीट लागते; म्हणजे दलदल हजारो वर्षे टिकली पाहिजे आणि तिच्या तळची जमीनही त्याच संथ गतीने खचत राहिली पाहिजे. जमीन भरभर खचली तर दलदलीचे तळे होते, खचायची थांबली तर पीट उघडे पडून कुजते. दाब आणि उष्णतेचे काम त्यानंतरचे. माझ्या मते खरी अवघड अट जमीन अशी संथपणे खचत राहण्याचीच.

आपल्या वर्धा खोऱ्यात ही अट सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळात, पुरी झाली. त्याआधीच्या हिमयुगातील हिमनदीने ओरखडलेला चुनखडक चंद्रपूरजवळ इरई येथे सापडला आहे. बर्फ हटल्यावर नद्यांकाठी ग्लॉसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या झाडाची जंगले वाढली. जिभेच्या आकाराच्या त्याच्या पानांचे ठसे कोळशालगतच्या खडकांत मिळतात. पुढे पीटवर वाळू आणि गाळाचे थर चढले. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढत असल्याने खोल गेलेल्या पीटमधून पाणी व वायू निघून गेले, कार्बनचे प्रमाण वाढले, आणि पीटचा आधी लिग्नाइट म्हणजे तपकिरी, कच्चा कोळसा, मग दगडी कोळसा झाला. लोणारी कोळशासारखे यात लाकूड जाळलेले नसते.

कोळशाचा ताजा फोडलेला तुकडा उन्हात तिरपा धरून पाहावा. त्यातल्या काचेसारख्या चकचकीत पट्ट्या मुख्यतः लाकूड-सालींच्या असतात, तर निस्तेज पट्ट्यांत पानांचा चुरा, बीजाणू आणि गाळ असतो. आपल्या कोळशाची राख अधिक पडते ती या गाळामुळेच. पुराच्या पाण्याने तो दलदलीत आणला आणि पाचोळ्यात इतका बारीक मिसळला, की कोळसा धुऊनही तो पुरता सुटत नाही.