वाचकांचे प्रश्न : एल्कचा टॅग लागला, पुढे काय?

ॲरिझोनाच्या एल्क सोडतीचे निकाल लागले की या सदराचं टपाल वाढतं. या वेळी सप्टेंबरमधल्या धनुष्याच्या हंगामाबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. भारतातल्या वाचकांच्या माहितीसाठी : भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. ॲरिझोनात किती जनावरं मारू द्यायची ते राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी ठरवतं आणि तेवढेच टॅग, म्हणजे एकेका जनावराचे परवाने, सोडतीनं वाटतं. एल्क हा सांबराच्याच कुळातला, पण नर तीनशे किलोच्या पुढे जातो. ॲरिझोनातला मूळचा एल्क १९००च्या सुमाराला संपला. आजच्या कळपांची सुरुवात १९१३मध्ये यलोस्टोनहून आणून सोडलेल्या ८३ जनावरांपासून झाली.

प्रश्न : सॅन होजेला राहतो. ॲरिझोनाचे नऊ बोनस पॉइंट (टॅग न लागलेल्या अर्जांमागे मिळणारे) साठलेत. चांगल्या युनिटसाठी (शिकारीच्या विभागासाठी) थांबू की सोप्या युनिटला अर्ज टाकू? (स. क.)

ॲरिझोनात पॉइंट म्हणजे रांगेतला नंबर नव्हे. प्रत्येक हंटचे (म्हणजे एका युनिटमधल्या एका हंगामाचे) २० टक्के टॅग आधी सर्वाधिक पॉइंटवाल्यांकडे जातात. उरलेल्या सोडतीत प्रत्येक पॉइंटमागे एक आणि अर्जाचा एक असे आकडे निघतात व त्यातला सर्वांत लहान तुमच्या नावावर लागतो; ज्याचा आकडा लहान त्याचा अर्ज आधी. म्हणजे तुमच्या दहा चिठ्ठ्या. शून्य पॉइंटवाल्याला पहिल्याच वर्षी लागतो आणि वीसवाला कोरडा राहतो, हे इथे नवल नाही. त्यात परराज्यातल्यांना कोणत्याही हंटचे फार तर १० टक्के टॅग. युनिट ९, १० किंवा २३च्या धनुष्याच्या हंगामासाठी नऊ पॉइंटांवर केवळ नशिबाचीच गोष्ट आहे.

तरी अर्ज टाकाच, पण दुसरी पसंती विचार करून भरा. तुमचा अर्ज हाती आला की पुढच्या माणसाकडे जाण्याआधी संगणक तुमच्या पहिल्या दोन्ही पसंती बघतो. दुसऱ्या पसंतीचा टॅग लागला तरी साठवलेले पॉइंट जातातच. ‘असू दे’ म्हणून भरलेलं युनिट गळ्यात पडलं म्हणून हळहळणारे दरवर्षी भेटतात. ॲरिझोना खात्याचा स्वतःचा हंटर एज्युकेशन कोर्स केला की एक कायमचा पॉइंट मिळतो, तो टॅग लागला तरी जात नाही. दुसऱ्या राज्याचा कोर्स त्यासाठी चालत नाही. अर्ज करतानाच पॉइंटगार्डही घ्या : ऐनवेळी जाता आलं नाही तर टॅग परत करून पॉइंट वाचतात, टॅगचे पैसे मात्र मिळत नाहीत.

प्रश्न : फिनिक्स. युनिट ९चा सप्टेंबरचा नराचा टॅग लागला, आयुष्यातला पहिलाच. पाणवठ्यांवर ट्रेल कॅमेरे किती लावू आणि कधीपासून? (अ. द.)

एकही नाही. शिकारीच्या कामासाठी ट्रेल कॅमेरा वापरायला ॲरिझोनात १ जानेवारी २०२२पासून बंदी आहे. एका अर्थी बरंच झालं, कारण कॅमेऱ्यात ऑगस्टमध्ये दिसलेल्या नरावर जीव जडवणं हीच या टॅगवरची सगळ्यात महागडी चूक असते. ऑगस्टमध्ये नर आपापल्या टोळक्यात असतात, शिंगांवर मखमल असते. महिन्याच्या अखेरीपर्यंत मखमल घासून जाते आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते माद्यांच्या शोधात कित्येक मैल दूर गेलेले असतात. माद्या मात्र आपला मुलूख सहसा सोडत नाहीत. म्हणून टिपण ठेवायचं ते माद्यांचं : पिल्लांसकट कळप कुठे चरतो, उन्हाच्या वेळी कुठल्या झाडीत बसतो, पाण्याला कुठे उतरतो. माजाच्या दिवसांत नर तिथेच येतात.

युनिट ९ हा ग्रँड कॅन्यनच्या दक्षिणेचा, तुसायानच्या आसपासचा पठारी भाग. पॉन्डेरोसा पाइन, त्याखाली पिन्यॉन-ज्युनिपरची बुटकी झाडी, मध्ये सेजब्रशचे माळ. खाली सच्छिद्र चुनखडी असल्यामुळे पाणी मुरून जातं, वाहता ओढा जवळजवळ नाही. पाणी म्हणजे गुरांसाठी खोदलेली मातीची तळी आणि वन्यजीवांसाठी बांधलेल्या टाक्या. फॉरेस्ट सर्व्हिसचा वाहनरस्त्यांचा नकाशा फुकट मिळतो. त्यावर प्रत्येक तळं आणि राष्ट्रीय उद्यानाची हद्द आधी ठळक करा. हद्दीपलीकडे शिकार नाही, आणि हे एल्कना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

पहिली फेरी जूनमध्ये. तो सर्वांत कोरडा महिना असतो. त्यात ज्या तळ्यात पाणी टिकलं ते दुष्काळी सप्टेंबरलाही टिकण्याची शक्यता जास्त. दुसरी फेरी ऑगस्टमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर. इथल्या पावसालाही मान्सूनच म्हणतात, पण आपल्यासारखी झड लागत नाही. दुपारी गडगडाट होतो, एका तळ्यावर धो धो कोसळतो आणि पाच मैलांवर धूळ उडत असते. हवामानखात्याच्या आकड्यांनी काम भागत नाही, प्रत्येक तळ्यावर पायी जाऊनच बघावं लागतं.

काठावरच्या चिखलात एल्कचा खूर सुमारे दहा सेंटिमीटर लांब, पुढे निमुळता होत गेलेला. गाईचा जास्त गोल आणि रुंद. वासराच्या खुरानं फसगत होते, तेव्हा आजूबाजूला शेण आहे की लेंड्या ते बघा. ठशाची कड धारदार आणि लेंडी ओलसर असेल तर खूण कालपरवाची. शिंगं घासलेल्या झाडाचा चीक अजून चिकट असेल तर नर जवळपास आहे. खोड राखाडी पडलं असेल तर ती गेल्या वर्षीची गोष्ट. लोळणीचा खड्डा नाकालाच कळतो : ढवळलेलं पाणी, केस आणि मुताचा उग्र दर्प.

हंगामाच्या आदल्या आठवड्यात दुर्बीण बाजूला ठेवून कान वापरा. मध्यरात्रीनंतर गाडीनं मैलामैलावर थांबा, इंजिन बंद करा, पाच मिनिटं ऐका. नराची उंच शीळ कुठल्या दिशेनं आली ते नकाशावर मांडा. दोन-तीन रात्रींत कळप कुठे चरतो ते स्पष्ट होतं. त्याला उत्तर द्यायचा मोह आवरा. हंगामाआधी शीळ वाजवणारा माणूस नरांना माणसाची शीळ ओळखायला शिकवतो.

शेवटी वारा. पहाटे थंड हवा घळीतून खाली सरकते, ऊन तापलं की वर चढते, आणि सकाळी नऊच्या सुमाराला दोहोंच्या अदलाबदलीत ती कशीही फिरते. बहुतेक कळप याच तासाभरात उधळले जातात. दुपारनंतर पठारावर बहुधा नैऋत्येचा वारा असतो. त्यामुळे एका तळ्यावर विसंबू नका : नैऋत्य वाऱ्यासाठी एक आणि उलट वाऱ्यासाठी दुसरं, दोन्ही जागा आधी बघून ठेवा. वारा बघायला पावडरची छोटी बाटली गळ्यात असू द्या. बसायची जागा पाण्यापासून २५-३० यार्डांवर, वारा तुमच्या तोंडावर, मावळतं ऊन पाठीशी. पाण्याजवळ पाव मैलाच्या आत तंबू ठोकून जनावरांची वाट अडवणं बेकायदेशीर आहे.

सप्टेंबरभर पाऊस चांगला झाला तर मात्र हा सगळा पाणवठ्याचा बेत गुंडाळून ठेवा. डबक्याडबक्यात पाणी असताना तळ्यावर कोण येतो? मग पहाटे चरणीवरून झाडीकडे निघालेल्या कळपाच्या वाऱ्याखाली समांतर चालत पुढे जाऊन वाट अडवायची. कळपाच्या धन्याला शीळ घालून आव्हान दिलं की तो लढण्यापेक्षा माद्या हाकत निघून जाण्याची शक्यता जास्त, म्हणून मादीचा आवाज, तोही मोजून. दोघं असाल तर आवाज काढणारा धनुर्धाऱ्याच्या ४० ते ६० यार्ड मागे असावा. जिथून मादी दिसायला हवी तिथे येऊन नर थबकतो आणि बघतो. ती जागा तुमच्या माऱ्यात आली पाहिजे.

प्रश्न : माझं धनुष्य ४८ पौंड ओढीचं, ड्रॉ लेंग्थ (दोरी ओढायची लांबी) २६ इंच. क्लबमधले पुरुष म्हणतात, एल्कसाठी ६५ पौंड लागतातच. खरं आहे का? (मे. जो., टूसॉन)

नाही. ॲरिझोनात कायद्यानं किमान ३० पौंड पुरतात, ब्रॉडहेड (बाणाचं पातेदार टोक) मात्र धातूच्या धारेचं आणि किमान ७/८ इंच रुंद हवं. तुमच्या मापात ४२० ग्रेनचा बाण सेकंदाला सुमारे २१५ फूट जाईल. वजन गुणिले वेगाचा वर्ग भागिले ४,५०,२४० केलं की बाणाची ऊर्जा ४३ फूट-पौंड येते. एल्कसाठी तक्त्यांत सहसा ४२ ते ६५चा पट्टा देतात. म्हणजे तुम्ही आत आहात, पण काठावर, आणि काठावरच्या माणसाला सामान निवडण्यात चैन परवडत नाही. उघडणारी यांत्रिक पाती नकोत, कारण उघडण्यातच ऊर्जा खर्च होते. दोन पात्यांचं, टोकापासूनच कापत जाणारं स्थिर ब्रॉडहेड घ्या आणि दाढीचे केस निघतील इतकी धार लावा. बाण हलका करून वेग वाढवू नका. अंतराची मर्यादा २५ यार्ड ठेवा आणि ती मोडू नका.

ब्रॉडहेड आणि सरावाचं टोक एकाच जागी लागतात का, ते जुलैतच तपासा. ब्रॉडहेड सतत एकाच बाजूला जात असेल तर साइट (धनुष्यावरची नेमाची खूण) हलवून झाकपाक करू नका. रेस्ट (बाण टेकायचा आधार) किंवा शाफ्टचा स्पाइन (दांड्याचा ताठरपणा) चुकलेला असतो. सराव गुडघ्यावर, बसून, पाठीवर पिशवी घेऊन करा. त्या दिवसाचा पहिला बाण कुठे लागला तेवढंच लिहून ठेवा, जंगलात दुसरा मिळतोच असं नाही.

नेम आडव्या किंवा किंचित पाठमोऱ्या जनावरावरच : पुढच्या पायाच्या मागच्या रेषेला लागून, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर. समोरून किंवा तुमच्याकडे तिरपा उभा असेल तर फऱ्याचं हाड आडवं येतं. ४८ पौंडांत तिथे बाण सोडायचा नाही. बाण लागल्यावर रक्त बघा. फेसाळ, गुलाबी असेल तर फुप्फुस : अर्धा ते एक तास थांबा. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत : चार ते सहा तास. बाणाला हिरवट घाण आणि वास असेल तर आठ ते बारा तास. घाईनं माग काढला की बसलेला एल्क उठतो आणि मैलभर जातो.

प्रश्न : सप्टेंबरच्या उन्हात मांस टिकतं का? गाडी तीन किलोमीटरवर असेल. (वि. रा., चँडलर)

टिकतं, पण घड्याळ बाण लागल्यापासून चालू होतं. दिवसा २५ अंशांच्या पुढे जातं. सगळ्यात आधी नासतं ते मागच्या मांडीचं, खुब्याच्या सांध्याजवळचं मांस, कारण तिथली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. पोट न फाडता कातडी एका बाजूनं सोलून फरे आणि मांड्या वेगळ्या काढा, मांडी हाडापर्यंत चिरून उघडा, सुती पिशव्यांत भरून सावलीत, वाऱ्यात टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत मांस घामेजतं आणि आंबतं. पिशव्या सहा लागतात : चार पायांना चार, पाठीचं व मानेचं सुटं मांस एकात, मुंडकं एकात.

मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस ९० ते ११० किलो भरतं. ३० किलोंच्या चार फेऱ्या धरा : भरलेल्या चार, रिकाम्या तीन, म्हणजे २१ किलोमीटर, तेही उन्हात. गाडीपासून किती आत शिरायचं हे या हिशोबानं ठरवा. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. कूलरमध्ये सुट्या बर्फाऐवजी गॅलनच्या कॅनमध्ये गोठवलेलं पाणी ठेवा, मांस भिजत नाही.

प्रश्न : एच-१बीवर आहे. अर्ज करता येतो का? (एक वाचक, टेम्पी)

येतो. परवान्याला नागरिकत्व लागत नाही, आणि धनुष्य संघीय कायद्यात बंदूक धरलं जात नाही. रहिवासी दरासाठी अर्जाआधी लगतचे सहा महिने ॲरिझोनात अधिवास हवा आणि दुसऱ्या राज्यात रहिवाशाची सवलत घेतलेली नको.

प्रश्न : शिंगं कॅलिफोर्नियात घरी नेता येतील का? (सॅन होजेचेच स. क.)

आधी टॅग लागू द्या! पण उत्तर असं : अख्खं मुंडकं नेता येत नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग पसरू नये म्हणून मेंदू आणि पाठीचा कणा राज्यात आणायला बंदी आहे. हाडं काढलेलं मांस आणि कवटीच्या साफ पाटीसकट शिंगं चालतात. पाटी डोळ्यांच्या मागून करवतीनं कापा, मेंदूचा सगळा भाग खरवडा, मग धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात मंद आचेवर ठेवा. पाणी खळखळू देऊ नका, आणि शिंगांची मुळं पाण्याच्या वर राहू द्या, नाहीतर रंग उतरतो.