एकट्याने खेळायला आणि वेगवेगळ्या बिल्ड करून बघायला कोणता ऑनलाइन आरपीजी चांगला?

तुम्ही विचारलंय की ऑफिसनंतर तासभर मिळतो, सोबत खेळायला कोणी नाही, बिल्डशी (म्हणजे कॅरेक्टरसाठी निवडलेल्या स्किल आणि सामानाच्या जुळणीशी) खुडबुड करायला आवडतं, तर पाथ ऑफ एक्झाइल, एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन, गिल्ड वॉर्स २ आणि फायनल फँटसी १४ या आरपीजींमधलं (कॅरेक्टर घडवत, वाढवत खेळायच्या गेममधलं) काय घ्यावं. आणि त्यावर आलेलं पहिलंच उत्तर काय, तर "एकट्याने खेळायचं तर ऑनलाइन कशाला, सरळ ऑफलाइन गेम घ्या ना." हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकत आलोय आणि दर वेळी डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसलो, एरवी मी इथे नुसता वाचतो.

फायनल फँटसी आधी लिस्टमधून काढा. स्टोरी भारी आहे, एकाच कॅरेक्टरवर सगळे जॉब (लढाईतल्या भूमिका) करता येतात, ड्यूटी सपोर्ट या सोयीमुळे स्टोरीतली डंजन्स (एरवी टीमने करायच्या मोहिमा) एनपीसी, म्हणजे गेमनेच चालवलेली पात्रं, घेऊन एकट्याने होतात, फ्री ट्रायल लेव्हल ७० पर्यंत आहे, सगळं मान्य. पण बिल्ड नावाचा प्रकारच नाही हो त्यात. तुमचा ब्लॅक मेज (जादूगार) आणि शेजारच्याचा ब्लॅक मेज तीच बटणं त्याच क्रमाने दाबणार.

आता बिल्ड व्हरायटी म्हणजे काय ते आधी ठरवा. क्लास (योद्धा, जादूगार असे कॅरेक्टरचे प्रकार) किती आणि स्किल किती हे मोजून काही कळत नाही. त्यातल्या किती बिल्ड एकट्या माणसाला जिवंत ठेवतात, आणि बिल्ड मोडून दुसरी करायला किती खर्च येतो, एवढंच बघायचं. ग्रुपमध्ये तर बिल्ड तुमची नसतेच, ग्रुपची असते. हे मला कुठे कळलं ते सांगतो.

पहिला गिल्ड वॉर्स, २००५ चा. आमच्या मामेभावाने अमेरिकेहून येताना बॉक्स आणला होता, आणि त्याला महिन्याची फी नव्हती, त्यामुळे घरात इंटरनॅशनल कार्ड नसलेल्या पोराला परवडणारा तो एकच खरा ऑनलाइन आरपीजी होता. त्यात शेकडो स्किल्स, पण लढायला जाताना स्किलच्या बारवर फक्त आठ न्यायचे, त्यातही एलिट (खास जोरदार स्किल) एकच. वर सेकंडरी प्रोफेशन (जोडीला दुसरा क्लास), म्हणजे वॉरियरने मंकचे स्किल घ्या, नेक्रोने मेस्मरचे घ्या. लेव्हल २० ला संपते, पुढे सगळा खेळ डोक्याचा. मी मंक घेतला होता. गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या गटात) आमच्याच कॉलेजचा एक सिनियर दादा लीडर होता आणि त्याचं म्हणणं एकच, मंक ना तू, मग मागे उभा राहा आणि हील कर, म्हणजे बाकीच्यांची हेल्थ भर. आठ स्किल त्याने ठरवून दिले, मी महिनोन् महिने लोकांचे हेल्थचे लाल बार भरत बसलो.

एकदा थंडरहेड कीप चालू होतं. ज्यांनी खेळलंय त्यांना माहीत आहे, लांबलचक मिशन, शेवटी किल्ला धरून ठेवायचा, आणि राजा मेला की सगळं पहिल्यापासून. आम्ही किल्ल्यात पोचलो आणि आमच्याकडे लाईट गेली. तेव्हा सोलापूरला लोडशेडिंगचं टाईमटेबल असायचं आणि लाईट त्या टाईमटेबलच्या बाहेरही जायची. यूपीएस शिट्टी मारायला लागला, मी टाईप करतोय "लाईट गेली, पाच मिनिटं", मोडेम तर आधीच बंद. लाईट आली तोवर रात्र झाली होती आणि मला गिल्डमधून काढलेलं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये दादा म्हणतो, ज्याच्या घरी लाईट टिकत नाही त्याने ऑनलाइन खेळू नये. बरं मग एकट्याने खेळतो म्हटलं तर म्हणे, "एकट्याने ऑनलाइन खेळणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत घरचा डबा उघडून बसणं." सगळे हसले. मला आजही राग येतो, लपवत नाही.

मग मी ५५ मंक केला. बिल्ड माझी नाही, तेव्हा सगळ्या जगाला माहीत होती, पण काय डोकं लावलंय ते बघा. लेव्हल २० ला हेल्थ ४८०. चिलखताचे पाच भाग, प्रत्येकात सुपिरियर रून टाकायचा, प्रत्येक रून ७५ हेल्थ खातो, गेले ३७५. हातात हेल्थ ५० ने कमी करणारी वस्तू धरायची. उरले ५५. वेडेपणा वाटतो ना? आता प्रोटेक्टिव्ह स्पिरिट ही एन्चान्टमेंट, म्हणजे अंगावर चढवायची जादू, टाका. त्याचा नियम असा की एका फटक्यात एकूण हेल्थच्या दहा टक्क्यांवर डॅमेज बसत नाही. पंचावन्नचे दहा टक्के म्हणजे पाच. समोर राक्षस शंभरचा घाव घालू दे नाहीतर तीनशेचा, तुम्हाला बसणार पाच. आणि हीलिंग ब्रीझसारख्या स्किल्समुळे हेल्थ बारवर जे बाण येतात त्यातला प्रत्येक बाण सेकंदाला दोन हेल्थ भरतो, म्हणजे पाचाचे घाव भरूनही निघतात. बाल्थझार्स स्पिरिट लावलं की मार खाल्ल्याने उलट एनर्जी मिळते. मग घोळक्यात जाऊन मधोमध उभं राहायचं आणि मारणाऱ्यालाच डॅमेज देणारी एन्चान्टमेंट लावायची, शत्रू तुम्हाला मारून मारून स्वतः मरतात. अख्खी पार्टी जिथे जपून जायची तिथे पंचावन्न हेल्थचा मंक एकटा.

आणि ती बिल्ड मोडतेही तितकीच पटकन. घोळक्यात एन्चान्टमेंट काढणारा एक जण जरी असला तरी एका फटक्यात आडवे. लाईफ स्टीलला (शत्रूने हेल्थ थेट शोषून घेण्याला) प्रोटेक्टिव्ह स्पिरिट अडवत नाही, कारण ते डॅमेज धरलंच जात नाही. त्यामुळे कुठल्या भागात कोण उभं आहे, कोणाला आधी टाळायचं, स्पिरिट संपायच्या किती आधी परत टाकायचं, माझ्यासारख्या पिंगवर (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) तर अजून थोडं आधी, हे सगळं शिकावं लागतं. दादाच्या ग्रुपमध्ये यातलं काय शिकलो असतो? बार लाल दिसला की बटण दाबा. बिल्ड म्हणून जे काही असतं ते मी एकट्याने खेळतानाच बघितलं, कारण तिथे "हे काय घेऊन आलास" म्हणून कोणी हाकलत नाही. आणि लाईट गेली तर मरणारा मी एकटाच.

बरं, तुमचा प्रश्न. पाथ ऑफ एक्झाइल, पहिला, २०१३ चा. फुकट आहे आणि व्हरायटीत याच्या जवळपास कोणी नाही. सात क्लास, सगळ्यांना तोच अवाढव्य पॅसिव्ह ट्री (कायमच्या ताकदी निवडायचा नकाशा), फक्त सुरुवातीची जागा वेगळी. स्किल जेममध्ये, म्हणजे चिलखत-शस्त्रात बसवायच्या खड्यात असतो, सपोर्ट जेम जोडला की त्याचं वागणं बदलतं, विचने धनुष्य घेतलं तरी गेम अडवत नाही. सोलो सेल्फ फाऊंड म्हणून मोडच दिलाय, ट्रेड नाही, पार्टी नाही, जे जमिनीवर पडलं ते तुमचं. कंपनीच म्हणते एकट्याने खेळा, आणि लोक आम्हाला ऑफलाइन जा म्हणतात! फक्त तयार गाईड बघून खेळू नका, मग दादाने ठरवून दिलेले आठ स्किल आणि ते गाईड यात काय फरक राहिला. तुमच्या एका तासात मात्र इथे अर्धा वेळ स्टॅश (सामानाची पेटी) आवरण्यात जाईल.

ईएसओ, म्हणजे एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन, गोष्टीसाठी घ्या. २०१६ च्या वन टॅम्रिएल अपडेटपासून कुठेही कधीही जा, लेव्हलचं बंधन नाही. पाच स्किल आणि एक अल्टिमेट, असे दोन बार. कुठलाही क्लास कुठलंही शस्त्र आणि चिलखत वापरतो, २०२१ पासून कम्पॅनियन (सोबत लढणारे एनपीसी) मिळतात, २०२५ च्या सबक्लासिंगपासून तर स्वतःच्या तीनपैकी दोन स्किल लाईन दुसऱ्या क्लासच्या घेता येतात. पण बाहेरच्या जगात शत्रू इतके मऊ आहेत की वाईट बिल्ड पण चालते, मग चांगली कशाला करायची? खरी परीक्षा हवी तर माल्स्ट्रॉम अरीना, तिथे एकट्यानेच जायचं असतं आणि तिथे अंदाज येतो.

गिल्ड वॉर्स २ मध्ये शस्त्र बदललं की स्किल बदलतात, ट्रेट (कॅरेक्टरचे निवडलेले गुण) बदलायला पैसे लागत नाहीत, लेव्हल कॅप २०१२ पासून ८० वरच आहे, म्हणजे तीन महिने नाही खेळलात तरी गिअर जुना होत नाही. रोज तासभर असेल तर याच्यापेक्षा सोयीचं काही नाही. पहिल्यांदा नेक्रोमॅन्सर घ्या, श्राऊड म्हणजे दुसरा हेल्थ बारच.

आणि तुमच्या लिस्टमध्ये नसलेला, पहिला गिल्ड वॉर्स, तो अजून चालू आहे. २०११ पासून सात हिरो (गेमचीच पात्रं) सोबत नेता येतात आणि त्या सातही जणांचे स्किल तुम्हीच ठरवता, म्हणजे एकटे खेळताना आठ बिल्ड एकदम. माझं मत विचाराल तर हाच. ग्राफिक्स जुने आहेत, उडी मारता येत नाही, गावांत माणसं कमी दिसतात, हे आधीच सांगतो, नंतर मला बोलू नका. हीलर हिरोला मागे उभं करा, तो कधी तक्रार करत नाही आणि त्याच्याकडची लाईटही जात नाही.

पिंगचं राहिलं. ईएसओ आणि गिल्ड वॉर्स २ चे सर्व्हर अमेरिका आणि युरोपातच आहेत, आपल्याकडून युरोप घ्या. अकाउंट काढतानाच बघा, नंतर कॅरेक्टर इकडचं तिकडे नेणं डोक्याला ताप आहे. गिल्ड वॉर्स २ चा मूळ गेम फुकट आहे, नऊपैकी आठ क्लास त्यात चालवून बघता येतात, पण एलिट स्पेशलायझेशन (क्लासचे खास नवे प्रकार) एक्सपान्शन, म्हणजे विकतचा पुढचा भाग, घेतल्यावरच उघडतात आणि खरी व्हरायटी तिथेच आहे, त्यामुळे फुकटात खेळून "यात बिल्डच नाहीत" असं ठरवू नका.